किडनी बदलल्यानंतर हात थरथरतात, डोकं दुखतं? गोळी बंद करू नका, आधी रक्ताची लेव्हल तपासा

समजा, आपल्या मंगरूळपीर तालुक्यातलं एक घर आहे. घरातला तीस वर्षांचा मुलगा दोन वर्षं डायलिसिसवर होता. शेवटी अम्मीने आपली किडनी दिली. नागपूरला ऑपरेशन झालं, अल्लाहच्या मेहेरबानीने किडनी चालू झाली, महिनाभराने मुलगा घरी आला. सगळ्या मोहल्ल्यात आनंद. पण पंधरा दिवसांनी त्याच्या हातातला चहाचा कप थरथरायला लागतो. सही करताना अक्षर वेडंवाकडं येतं. रात्री झोप नाही. डोकं जड. एक दिवस तो म्हणतो, "अम्मी, मला नीट दिसत नाही."

मग घरात सल्ले सुरू होतात. चाचा म्हणतात, "कमजोरी आहे, दूध-खजूर द्या." शेजारी म्हणतात, "टेन्शन घेतलंय पोराने." खाला हळूच म्हणते, "काही असर तर झाला नाही ना?" आणि चौथा कुणीतरी म्हणतो, "गोळ्या गरम पडल्या असतील. चार दिवस बंद करून बघा."

पहिल्या तीन सल्ल्यांनी वेळ वाया जातो. चौथ्या सल्ल्याने अम्मीने दिलेली किडनीच जाऊ शकते.

हे उदाहरण आपण समजण्यासाठी घेतलं. पण असे प्रसंग खरोखर घडतात, कारण किडनी किंवा लिव्हर बदललेल्या रुग्णाला जी औषधं आयुष्यभर घ्यावी लागतात, त्यातल्या काहींचा परिणाम मेंदूवर आणि नसांवर होतो. डॉक्टरांना हे माहीत असतं. घरच्यांना मात्र बहुतेक वेळा माहीत नसतं. वाशिमहून अकोला ऐंशी किलोमीटरच्या आसपास आणि नागपूर त्याच्या तिप्पट लांब. अशा ठिकाणी पहिलं लक्षण डॉक्टर बघत नाही, घरचा माणूस बघतो. म्हणून ही माहिती घरच्यांसाठी.

ही औषधं लागतात कशासाठी?

आपल्या शरीरात एक फौज असते. बाहेरून आलेला जंतू ओळखायचा आणि मारायचा, हे तिचं काम. या फौजेला अम्मीची किडनी आणि टीबीचा जंतू यातला फरक कळत नाही. दोन्ही तिच्यासाठी परकेच. त्यामुळे नवीन किडनीवरही ती हल्ला करते. यालाच डॉक्टर "रिजेक्शन" म्हणतात.

जगातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन शहरात डॉ. जोसेफ मरे यांनी केलं. ते जमलं याचं कारण, देणारा आणि घेणारा हे एकसारखे जुळे भाऊ होते. शरीराला किडनी परकी वाटलीच नाही. पण असा जुळा भाऊ किती जणांना असतो? आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांच्या पथकाने १९६५ मध्ये मृत दात्याची किडनी बसवण्याचा प्रयत्न केला, पण तो रुग्ण वाचू शकला नाही. पुढे १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये जिवंत दात्याच्या किडनीचं प्रत्यारोपण यशस्वी झालं.

खरा बदल झाला तो फौजेला आवर घालणारी चांगली औषधं सापडल्यावर, आणि ती सापडली मातीत. नॉर्वेतल्या एका पठारावरच्या मातीतल्या बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळालं. १९८४ मध्ये जपानच्या त्सुकुबा डोंगराच्या मातीतल्या जिवाणूपासून टॅक्रोलिमस मिळालं. त्याच्या नावातला "ट" त्या त्सुकुबाचाच. या दोन औषधांनी लाखो लोकांना नवीन आयुष्य दिलं. भारतात २०२३ या एका वर्षात सगळे अवयव मिळून १८ हजारांहून जास्त प्रत्यारोपणं झाली, त्यात किडनीची १३ हजारांहून जास्त. आज किडनी बदललेल्या बहुतेक रुग्णांच्या डब्यात टॅक्रोलिमसची कॅप्सूल असतेच. सोबत मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन नावाचं स्टिरॉइड.

ही औषधं फक्त प्रत्यारोपणातच लागतात असंही नाही. लहान मुलांचा नेफ्रोटिक सिंड्रोम (अंगावर सूज येते आणि लघवीतून प्रथिनं जातात तो आजार), ल्यूपस, अप्लास्टिक ॲनिमिया, थॅलेसेमियासाठी केलेलं बोन मॅरो प्रत्यारोपण, अशा वेळीही ती दिली जातात. ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे, त्यांनाही पुढची माहिती लागू आहे.

मेंदूभोवतीची वेस

आता मुख्य प्रश्न. औषध किडनीसाठी घेतलं, मग हात का थरथरतो?

कारंजा ज्यांनी पाहिलंय त्यांना तिथल्या जुन्या वेशी माहीत आहेत. दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस. गावाला कोट आणि आत यायचं तर वेशीतूनच. वेशीवर पहारेकरी. कामाचा माणूस आत, नको तो बाहेर. आपल्या मेंदूलाही अल्लाहने अशीच तटबंदी दिली आहे. डॉक्टर तिला "ब्लड-ब्रेन बॅरिअर" म्हणतात, म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत.

ही भिंत पहिल्यांदा लक्षात आली ती रंगामुळे. १८८५ च्या सुमारास जर्मनीच्या पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग टोचला. सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र कोराच राहिला. पुढे त्यांच्या हाताखाली काम केलेल्या एडविन गोल्डमन यांनी १९१३ मध्ये उलटं केलं. रंग थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. तेव्हा मेंदू रंगला आणि बाकी शरीर कोरं राहिलं. म्हणजे मधे काहीतरी अडवणारं आहे, हे सिद्ध झालं. १९६७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसलंही. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की मधून फट राहत नाही. शरीरात दुसरीकडे अशी फट असते.

पण नुसती भिंत पुरेशी नाही. चरबीत विरघळणारी औषधं या पेशींच्या आतूनच पार होऊ शकतात. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन दोन्ही चरबीत विरघळणारी आहेत. म्हणून वेशीवर पहारेकरीही आहेत. पेशींच्या पृष्ठभागावर एक प्रकारचे पंप असतात, त्यातल्या मुख्य पंपाचं नाव पी-ग्लायकोप्रोटीन. आत घुसू पाहणारं औषध पकडायचं आणि परत रक्तात फेकायचं, हे त्याचं काम. ही दोन्ही औषधं त्याच्या ओळखीची आहेत. म्हणूनच रक्तात औषध असूनही मेंदूत फार कमी पोहोचतं.

पहारा कमी कधी पडतो? रक्तात औषध खूप वाढलं तर. दुसऱ्या एखाद्या औषधाने पंपाचं काम अडवलं तर. बीपी खूप वाढून भिंतीवर ताण आला तर. शरीरात जंतुसंसर्ग झाला किंवा रक्तातलं मॅग्नेशियम उतरलं, तरी धोका वाढतो. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिनमुळे मॅग्नेशियम लघवीवाटे जातं, बीपीही वाढतो. म्हणजे जे औषध आत शिरू पाहतं, तेच भिंतही कमकुवत करतं. ज्या रसायनाला अडवून हे औषध शरीराची फौज शांत करतं, ते कॅल्सिन्युरिन नावाचं रसायन मेंदूतही भरपूर असतं. त्यामुळे औषध आत गेलं की नसांच्या कामात गडबड होते, आणि हात थरथरतो.

सगळ्यात गंभीर प्रकार

१९९६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १५ रुग्णांचा एक अभ्यास छापला. डोकेदुखी, गोंधळलेपण, झटके आणि डोळ्यांपुढे अंधार, अशी त्यांची लक्षणं होती. १५ पैकी ७ जण अशीच फौज शांत करणारी औषधं घेत होते. बाकीच्यांत काहींना बाळंतपणाच्या काळातला वाढलेला बीपी आणि झटके होते, काहींना किडनीच्या आजारामुळे वाढलेला बीपी. एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या भागात सूज दिसली. आज या प्रकाराला "प्रेस" म्हणतात.

यात होतं असं की रक्तवाहिन्यांची आतली बाजू दुखावते, भिंत झिरपायला लागते, आणि रक्तातलं पाणी मेंदूत उतरतं. बंधारा फुटत नाही, पाझरतो. मेंदूचा मागचा भाग दृष्टीचा असल्याने रुग्णाला अंधुक दिसतं किंवा काही वेळ दिसतच नाही. डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं तर डोळे चांगलेच निघतात. बिघाड डोळ्यात नसतो, मागे असतो.

चांगली बातमी ही की वेळेत ओळखलं, बीपी आवरला आणि औषधाचा डोस कमी केला किंवा औषध बदललं, तर बहुतेक रुग्ण पूर्वीसारखे होतात. उशीर झाला, झटके चालू राहिले किंवा मेंदूत रक्तस्राव झाला, तर कायमचं नुकसान होऊ शकतं. साध्या सीटी स्कॅनमध्ये हे कधी कधी सुटतं, एमआरआयमध्ये जास्त चांगलं दिसतं. म्हणून "सीटी नॉर्मल आहे" एवढ्यावर थांबू नका. प्रत्यारोपण केलेल्या डॉक्टरांना रिपोर्ट कळवा.

कोणत्या लक्षणाला काय करायचं?

घाबरून जायचं कारण नाही. ही औषधं घेणाऱ्यांपैकी १० ते २८ टक्के रुग्णांमध्ये मेंदू आणि नसांशी संबंधित त्रास नोंदवला गेलेला आहे, आणि त्यातला बराचसा सौम्य असतो. टॅक्रोलिमस घेणाऱ्या किडनी रुग्णांच्या अमेरिकेतल्या एका चाचणीत तर निम्म्याहून जास्त जणांनी हात थरथरण्याची तक्रार केली होती. तीन गट लक्षात ठेवा.

पहिला गट, पुढच्या तपासणीत नक्की सांगायचा त्रास: हाताची हलकी थरथर, झोप न लागणं, तळपायाला मुंग्या किंवा आग, अधूनमधून डोकं दुखणं. हे सुरुवातीच्या महिन्यांत जास्त दिसतं आणि डोस कमी होत गेला की बऱ्याचदा उतरतं. वहीत तारीख लिहून ठेवा.

दुसरा गट, त्याच दिवशी फोन करायचा त्रास: थरथर अचानक वाढली, जेवताना घास सांडतो, डोकं रोज दुखतं, बोलताना जीभ अडखळते, चालताना तोल जातो, दोन्ही पाय आतून खूप दुखतात, बीपी नेहमीपेक्षा बराच जास्त आहे. स्वभाव अचानक बदलला तरी फोन करा. मुलगा विनाकारण रडतो, चिडतो, कुणीतरी मागे लागलंय म्हणतो. हे स्टिरॉइडमुळेही होतं, टॅक्रोलिमसमुळेही.

तिसरा गट, १०८ ला फोन करून लगेच दवाखान्यात न्यायचा त्रास: झटका येणं, अंधुक दिसणं किंवा दिसेनासं होणं, माणसं न ओळखणं, बोलणं बंद होणं, शुद्ध हरपणं. आणि ताप आणि डोकेदुखी एकत्र असेल, मान आखडली असेल, तरीही लगेच. फौज शांत केलेल्या शरीरात टीबी किंवा बुरशी मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकते. तो औषधाचा दुष्परिणाम नाही, तो संसर्ग आहे, आणि त्याचा इलाज वेगळा आहे. हा फरक घरी कळत नाही.

एक गोष्ट घरीच बघता येते, ती म्हणजे साखर. टॅक्रोलिमस आणि स्टिरॉइड दोन्हींमुळे रक्तातली साखर वाढू शकते. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर उतरली तरी घाम येतो आणि हात थरथरतो. ग्लुकोमीटर असेल तर आधी साखर बघा, आकडा लिहा, मग फोन करा.

असर की आजार, या वादात वेळ घालवू नका. दुआ जरूर करा, दम करून घ्या. पण आधी फोन, मग बाकी सगळं. इलाज करणं हेही आपल्या दीनने शिकवलंय.

लेव्हल वाढते कशामुळे?

टॅक्रोलिमसची गंमत अशी आहे की कमी पडलं तर किडनी जाते, जास्त झालं तर किडनीवर आणि मेंदूवर परिणाम होतो. मधली वाट अरुंद आहे. म्हणून रक्तातली मात्रा मोजावी लागते. तिलाच "लेव्हल" म्हणतात. ती किती असावी हे ऑपरेशनला किती दिवस झाले यावर ठरतं आणि ते प्रत्यारोपण केंद्रच सांगतं. शेजारच्या रुग्णाच्या आकड्याशी तुलना करू नका.

डोस तोच असूनही लेव्हल का हलते? आपल्या भागात नेहमी घडणारी कारणं अशी:

खाज-नायट्याच्या गोळ्या. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात जांघेत, कमरेला नायटा होतो. मेडिकलमधून इट्राकोनॅझोल किंवा फ्लुकोनॅझोल आणलं जातं. ही औषधं टॅक्रोलिमसची विल्हेवाट लावणारं शरीरातलं यंत्र अडवतात. काही दिवसांत लेव्हल दुप्पट-तिप्पटही होऊ शकते. साध्या नायट्याच्या गोळीने माणूस झटक्यापर्यंत पोहोचू शकतो.

खोकल्याच्या काही अँटिबायोटिक गोळ्या. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन लेव्हल वाढवतात. बीपीची डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल ही औषधंही वाढवतात. ती कधी कधी डॉक्टर मुद्दाम देतात, पण तेव्हा डोस जुळवून देतात.

टीबीचं औषध. इथे उलटं होतं. रिफॅम्पिसिनमुळे लेव्हल एकदम खाली येते आणि किडनी धोक्यात येते. मग डोस वाढवावा लागतो. टीबीचा कोर्स संपला आणि वाढवलेला डोस तसाच राहिला, तर लेव्हल वर उसळते. झटक्यासाठी दिलं जाणारं फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनही लेव्हल खाली आणतात. म्हणून अशा रुग्णाला झटका आला तर तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा की टॅक्रोलिमस चालू आहे. लेव्हलला धक्का न लावणारं लेव्हेटिरासिटामसारखं औषध ते निवडू शकतात.

जुलाब. हे पुष्कळांना खोटं वाटतं. जुलाबात औषध वाहून जाईल, लेव्हल कमी होईल, असं वाटतं. प्रत्यक्षात आतड्याच्या आतल्या थरातही औषध अडवणारे पंप असतात. जुलाबाने तो थर दुखावला की पहारा ढिला पडतो आणि जास्त औषध रक्तात शिरतं. दोन दिवस जुलाब झाले तर केंद्राला कळवा.

पपनस आणि ग्रेपफ्रूट. ही फळं आणि त्यांचा रस टाळा. देशी दवा, हकिमी चूर्ण, ताकद वाढवणारे काढे यांत काय आहे हे डब्यावर नीट लिहिलेलं नसतं. त्यामुळे विचारल्याशिवाय काहीच नको.

कंपनी बदलणं. मेडिकलवाला म्हणतो, "तेच औषध आहे, दुसऱ्या कंपनीचं, स्वस्त पडेल." औषध आयुष्यभराचं आहे, खिशाचा विचार करावाच लागतो. पण कंपनी बदलायची असेल तर डॉक्टरांना सांगून बदला आणि नंतर लेव्हल तपासा. दिवसातून दोनदा घ्यायची आणि एकदाच घ्यायची अशा दोन वेगळ्या प्रकारच्या कॅप्सूल असतात. त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

डोकं दुखतं म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी तर अजिबात घेऊ नका. त्याने किडनी दुखावते. डोकेदुखीला काय घ्यायचं हे केंद्राकडून लिहून घ्या.

लेव्हलची तपासणी कशी करायची?

इथे बरेच जण चुकतात. रक्त द्यायचं ते सकाळची गोळी घेण्याआधी. म्हणजे रात्री आठला गोळी घेतली असेल तर सकाळी आठच्या सुमारास रक्त द्या, आणि मगच सकाळची गोळी घ्या. गोळी घेऊन मग लॅबला गेलात तर आकडा खोटा वाढलेला येतो, डॉक्टर डोस कमी करतात, आणि किडनीला फटका बसतो. गोळी खिशात घेऊन लॅबला जा, हे सगळ्यात सोपं.

लॅबला आधीच विचारा: ही तपासणी इथेच होते की नमुना बाहेर पाठवता? रिपोर्ट किती दिवसांनी येतो? रिपोर्ट आला की त्यावर रुग्णाने आदल्या दिवशी कधी गोळी घेतली ती वेळ लिहा आणि मोबाईलवर केंद्राला पाठवा. सोबत मॅग्नेशियम, साखर, क्रिएटिनिन आणि बीपीचा आकडा असला तर डॉक्टरांना निर्णय घेणं सोपं जातं.

हेही लक्षात असू द्या की लेव्हल ठरलेल्या मर्यादेत असतानाही मेंदूवर परिणाम होऊ शकतो. रक्तात किती औषध आहे ते तपासणी सांगते. भिंतीपलीकडे किती गेलं, ते सांगत नाही. म्हणून रिपोर्ट चांगला आला आणि रुग्णाला त्रास होतोच आहे, तर "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणून गप्प बसू नका. त्रास सांगा.

रमजान आणि रोजा

दरवर्षी हा प्रश्न येतोच. ही गोळी बहुतेकांना १२ तासांच्या अंतराने घ्यायची असते. आपल्याकडे उन्हाळ्यातला रोजा सहेरी संपल्यापासून इफ्तारपर्यंत चौदा तासांहून जास्त होतो. थंडीकडे रमजान आला तरी साडेबारा-तेरा तास होतात. म्हणजे गोळ्यांमधलं अंतर दिवसा जास्त, रात्री कमी. त्यात पाणी कमी पडलं तर किडनीवर ताण येतो. इफ्तारनंतर तळलेलं, तेलकट जास्त खाल्लं तर औषध शोषलं जाण्यातही फरक पडतो.

ऑपरेशनला वर्षही झालं नसेल, लेव्हल स्थिर नसेल, वर सांगितलेला त्रास असेल, तर डॉक्टर रोजा ठेवू नका असंच सांगतात. किडनी अनेक वर्षांपासून चांगली चालू असलेल्या काही रुग्णांना ते परवानगी देतात. कधी दिवसातून एकदाच घ्यायची कॅप्सूल रमजानच्या आधीच सुरू करून लेव्हल बघतात. हे सगळं शाबानच्या महिन्यातच ठरवा. पहिल्या रोज्याच्या रात्री नाही. आजारी माणसाला शरीयतने सवलत दिली आहे. आयुष्यभराचा आजार असेल तर फिदयाची सोय आहे. आपल्या मौलानांना विचारताना डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्या, म्हणजे त्यांनाही मसला नीट सांगता येतो. आणि घरच्यांनी रुग्णाला टोमणे मारू नयेत. गोळीसाठी रोजा सोडणारा माणूस अम्मीच्या किडनीची अमानत सांभाळत असतो.

कॅप्सूलच्या जिलेटिनबद्दलही काही जण विचारतात. शंका असेल तर डॉक्टरांना आणि मौलानांना दोघांना विचारा. पण उत्तर मिळेपर्यंत गोळी थांबवू नका, आणि कॅप्सूल फोडून पावडर पाण्यात टाकून घेऊ नका. डोस कमी-जास्त होतो.

झटका आला तर

रुग्णाला जमिनीवर कुशीवर वळवा. आजूबाजूचं टोकदार सामान हटवा. मानेजवळचं बटण सैल करा. तोंडात चमचा, पाणी, गोळी काहीही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका. घड्याळात वेळ बघा आणि १०८ लावा. शक्य असेल तर दुसऱ्याने मोबाईलवर व्हिडिओ घ्यावा, तो डॉक्टरांना उपयोगी पडतो. जवळच्या सरकारी दवाखान्यात आधी न्या. थेट नागपूरची गाडी करू नका. झटका थांबवणं आणि बीपी आवरणं हे जवळ होऊ शकतं. तिथून केंद्राशी फोनवर बोलणं करून द्या.

एक कागद आजच तयार करा

घरातल्या रुग्णासाठी एका कागदावर लिहा: नाव, कोणता अवयव कधी बदलला, प्रत्यारोपण केंद्राचा फोन, सगळ्या गोळ्यांची नावं आणि वेळा, शेवटची लेव्हल आणि तारीख, नेहमीचा बीपी. खाली मोठ्या अक्षरात लिहा: "टॅक्रोलिमस चालू आहे. नवीन औषध देण्याआधी केंद्राला विचारा." त्याच्या चार प्रती काढा. एक रुग्णाच्या पाकिटात, एक फ्रिजवर, एक गावातल्या डॉक्टरकडे, एक नेहमीच्या मेडिकलमध्ये. फोटो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये.

डॉक्टरांच्या हातात उपाय आहेत. ते डोस कमी करू शकतात, मॅग्नेशियम देऊ शकतात, टॅक्रोलिमसऐवजी सायक्लोस्पोरिन किंवा आणखी वेगळं औषध देऊ शकतात. पण औषध थांबवायचं की बदलायचं, हा निर्णय तेच घेऊ शकतात. आपण घरी बसून गोळी बंद केली तर थरथर कदाचित थांबेल, पण शरीराची फौज जागी होईल आणि काही दिवसांत किडनीवर तुटून पडेल. पुन्हा डायलिसिस, आणि अम्मीकडे आता द्यायला दुसरी किडनी नाही.

म्हणून मुलाचा कप थरथरला तर तो खाली ठेवा, वेळ लिहा, फोन लावा. अल्लाह सगळ्या रुग्णांना शिफा देवो, आणि ज्यांनी आपल्या शरीराचा तुकडा दुसऱ्याला दिला त्या माता-भगिनींना सलामत ठेवो. आमीन.